रक्तपाताची ॲनिमे आणि एक शंभर पानी वही

"आमचा मुलगा तासन्‌तास रक्तपाताची ॲनिमे पाहतो, पुढे तोही तसाच होईल का?" हा प्रश्न माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे पालक आता वरचेवर विचारतात. ॲनिमे म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका. त्याचे होय किंवा नाही असे उत्तर देऊन पालकांना परत पाठवणे मला योग्य वाटत नाही, म्हणून एक प्रकरण सविस्तर सांगते. कुटुंबाच्या परवानगीने ते लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चौदा वर्षांच्या मुलाची आई एकटीच आली होती. खुर्चीवर बसण्याआधीच तिने पिशवीतून एक शंभर पानी वही काढली आणि माझ्यापुढे उघडून ठेवली. "मॅडम, आधी हे वाचा. मग मी बोलते."

वळणदार, सुबक अक्षरात दोन पाने भरलेली होती. कोणीतरी सैन्यापुढे उभा राहून भाषण करत होता आणि आपल्याला युद्ध किती प्रिय आहे, हे पुन्हापुन्हा सांगत होता. वेढा, माघार, बचाव अशा युद्धाच्या एकेका प्रकाराचे नाव घेऊन त्या प्रत्येकावर तो आपले प्रेम जाहीर करत होता. आईचे लक्ष मजकुरावर खिळले होते, माझे मात्र खाडाखोडीवर गेले. एका ठिकाणी 'चढाई' खोडून 'मुसंडी' लिहिले होते, मग तेही खोडून समासात प्रश्नचिन्ह काढले होते. खाली 'विद्युत्‌गती युद्ध' या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल केला होता. मनात द्वेष साठलेले मूल कागदावर कसे लिहिते, हे मी अनेकदा पाहिले आहे; तिथे शब्दांची अशी निवड सहसा दिसत नाही. हे कोणाचे तरी भाषण मराठीत आणण्याचा प्रयत्न होता.

आईने सांगितले की हे 'हेलसिंग अल्टिमेट' नावाच्या जपानी मालिकेतले आहे. वडिलांनी आदल्या रात्री एक वाजता मुलाच्या हातातून मोबाइल हिसकावून घेतला तेव्हा पडद्यावर लाल कोटातला एक माणूस माणसे फाडत होता. वडिलांनी हात उगारला, मुलाने दार लावून घेतले, आणि सकाळी दप्तर आवरताना आईला ही वही सापडली. "कार्टून आहे म्हणून मी कधी लक्षच दिलं नाही हो," असे म्हणताना तिला रडू आवरेना.

अशा वेळी मी आधी मालिकेबद्दल विचारत नाही. मुलाची झोप, भूक, शाळेतल्या तक्रारी, मुक्या प्राण्यांशी किंवा लहान मुलांशी वागण्यात आलेला क्रूरपणा, स्वतःला इजा करणे, जवळ हत्यार बाळगणे, मरणाची भाषा आणि आधी आवडणाऱ्या गोष्टी अचानक सुटणे, यांची मी एकेक करून चौकशी करते, कारण काळजीची खरी चिन्हे तिथे दिसतात आणि यांपैकी काही आढळले तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्यात मी एक दिवसही घालवत नाही. या मुलाच्या बाबतीत दोनच गोष्टी निघाल्या. झोप पाच तासांवर आली होती. आणि वक्तृत्व सुटले होते. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी असताना तो दरवर्षी शाळेतर्फे वक्तृत्व स्पर्धेला उभा राहायचा. वडिलांच्या बदलीमुळे पुण्यात आल्यावर नववीत सीबीएसईच्या शाळेत नाव घातले, तिथे मराठी भाषणाला व्यासपीठच नव्हते. आईने हे ओघात सांगितले आणि पुन्हा रक्ताकडे वळली. मी मात्र ते लिहून घेतले.

मुलगा आला तेव्हा पहिली दहा मिनिटे तो टेबलाच्या कडेकडे पाहत राहिला. मग मी विचारले, "तू जी पाहतोस ती 2001 ची की नंतर नव्याने केलेली?" त्याने मान वर केली. पुढची वीस मिनिटे मला फारसे बोलावे लागले नाही. कोउता हिरानो यांची मूळ मंगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 1997 मध्ये सुरू झाली आणि 2008 मध्ये संपली. 2001 ची तेरा भागांची मालिका आली तेव्हा मंगा अर्ध्यावरच होती, म्हणून त्या मालिकेने स्वतःची वेगळीच गोष्ट रचली. 2006 ते 2012 या काळात आलेले 'हेलसिंग अल्टिमेट'चे दहा भाग मात्र मंगेला धरून नव्याने केले आहेत. हे सारे त्याने इतक्या मुद्देसूद रीतीने मांडले की वक्तृत्वाची सवय अंगात अजून जिवंत आहे हे मला तिथेच कळले.

त्या रात्री मी पहिला भाग पूर्ण पाहिला. मुलाच्या जगाबद्दल बोलायचे तर ते डोळ्यांनी पाहिले पाहिजे, असे मी मानते. इंग्लंडमधल्या चेडर नावाच्या गावात एक रक्तपिपासू पाद्री गावकऱ्यांना चालत्या प्रेतांमध्ये बदलतो. सेरास व्हिक्टोरिया ही तरुण पोलीस त्याच्या तावडीत सापडते. आलुकार्ड हा लाल कोटातला व्हॅम्पायर, म्हणजे रक्तपिपासू पिशाच, आधी तिला विचारतो आणि मगच तिच्या छातीतून गोळी आरपार नेऊन त्या पाद्र्याला मारतो. तीही मग व्हॅम्पायर होते. 'आलुकार्ड' हे नाव 'ड्रॅक्युला' उलटे वाचून केले आहे, हे मला मुलानेच सांगितले होते. रक्त, तुटलेले अवयव, चिंध्या झालेली शरीरे यांना इथे कसलाही पडदा नाही. मला सर्वांत जास्त खटकले ते त्या पाद्र्याने सेरासला धरल्यावर तिच्या अब्रूवर दिलेली धमकी. पुढच्या भेटीत मी मुलाला त्या प्रसंगाबद्दल विचारले. तो म्हणाला, "ते मी पुढे ढकललं, मॅडम. मला पोटात कसंतरी झालं." हे त्याने कोणालाही सांगितले नव्हते. सांगितले असते तर 'मग पाहतोस कशाला' असे ऐकावे लागले असते, हे त्याला ठाऊक होते.

इथे पालकांसाठी एक गोष्ट स्पष्ट करते. चित्रे हलतात म्हणून ते लहान मुलांचे, हा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. जपानमध्ये मंगा वाचकांच्या वयानुसार वेगवेगळ्या मासिकांतून येते. मुलग्यांसाठीच्या मंगेला 'शोनेन' म्हणतात आणि प्रौढ पुरुषांसाठीच्या मंगेला 'सेइनेन'. 'हेलसिंग' ही सेइनेन मासिकातली आहे. म्हणजे तिच्या कर्त्याच्या डोळ्यांसमोरही चौदा वर्षांचा वाचक नव्हता. आपल्याकडेही 2021 च्या नियमांनुसार ऑनलाइन मंचांना कार्यक्रमांवर सात, तेरा, सोळा वर्षे आणि केवळ प्रौढ अशी वयोगटाची वर्गवारी दाखवावी लागते. पण मित्राकडून पेनड्राइव्हवर आलेल्या प्रतीवर ती कुठून असणार? या मुलाकडे मालिका तशीच आली होती. चौदा हे वय तिच्यासाठी लवकर होते, असे माझे मत आहे, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितले. त्याने वाद घातला नाही.

मात्र हे सारे जिथून सुरू झाले ती जागा आम्हांला तिसऱ्या भेटीत सापडली. मालिकेच्या आधी त्याने पाहिली होती एक दोन मिनिटांची रील, त्या भाषणाची. भाषण करणारा 'मेजर' हा नाझी अवशेषांतून उभ्या राहिलेल्या 'मिलेनियम' या फौजेचा बुटका, लठ्ठ, चष्मेवाला म्होरक्या. आवाज हळू सुरू होतो, एकेका वाक्यावर चढत जातो आणि शेवटी सारी फौज गरजते. व्यासपीठ हरवलेल्या मुलाला त्या तुकड्यात एक उत्कृष्ट वक्ता भेटला. "तो थांबतो कुठे, ते बघा ना मॅडम. आमचे सर सांगायचे, थांबायला शिका," असे तो म्हणाला तेव्हा त्याचे डोळे चमकत होते. त्याला युद्ध आवडले नव्हते, त्याला विराम आवडला होता.

परंतु म्हणून मी ते सोडून दिले नाही. माझ्या मते या प्रकरणातला खरा धोका रक्तात नव्हता, त्या तुकड्यात होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांनी 1961 मध्ये लहान मुलांना मोठ्या माणसाने एका फुगीर बाहुलीला बडवताना दाखवले आणि मुलांनी त्याची नक्कल केली, हा प्रयोग बहुतेकांनी ऐकलेला असतो. त्यांनीच 1965 मध्ये दाखवलेली पुढची बाब मात्र फारशी सांगितली जात नाही. मारणाऱ्याला त्याबद्दल शिक्षा होताना ज्या मुलांनी पाहिले, त्यांनी आपणहून कमी नक्कल केली. कृतीचा परिणाम दिसणे आणि न दिसणे यांत एवढे अंतर पडते, आणि रीलमध्ये नेमका परिणामच कापलेला असतो. मेजर बोलतो, फौज गरजते, रील संपते. त्यानंतर लंडन जळते, रस्ते प्रेतांनी भरतात, आणि शेवटी व्हॅम्पायरांशी लढणाऱ्या हेलसिंग संस्थेची प्रमुख इंटेग्रा हिच्या गोळीने मेजर मरतो, हे दहा भाग पाहणाऱ्यालाच कळते. हिंसक व्हिडिओ गेमबद्दल अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनने 2020 मध्ये घेतलेली भूमिकाही मी पालकांना सांगते. ओरडणे, ढकलणे यांसारख्या आक्रमक वागण्याशी अशा खेळांचा लहानसा पण निश्चित संबंध दिसतो, मात्र प्रत्यक्ष हिंसाचाराचे खापर त्यांच्यावर फोडण्याइतका पुरावा नाही. ते निवेदन खेळांविषयी आहे, मालिकांविषयी नाही, म्हणून मी ते जपूनच वापरते.

मुलाला मी मेजरच्या फौजेचा गणवेश कोणाचा आहे, हे विचारले. "जर्मनीचा. हिटलरचा," तो म्हणाला, आणि तिथेच थांबला. त्याच्या नववीच्या इतिहासाच्या पुस्तकात नाझीवादावर एक पूर्ण प्रकरण होते, पण ते अजून शिकवले गेले नव्हते. मी त्याला पुस्तक घेऊन यायला सांगितले आणि आम्ही दोघांनी ते प्रकरण वाचले. साठ लाख ज्यू, हा आकडा वाचून तो गप्प झाला खरा, पण इतका मोठा आकडा मुलांच्या मनात सहसा उतरत नाही. त्याच परिच्छेदात मानसिक व शारीरिकदृष्ट्या अपंग ठरवून मारलेल्या 70,000 जर्मनांचा उल्लेख आहे. बाहेरच्या बाकावर त्या वेळी माझ्याकडे नियमित येणारा एक स्वमग्न मुलगा आईबरोबर बसला होता आणि आपल्या खेळण्यातल्या बसचे चाक एकसारखे फिरवत होता. त्याचा आवाज आत येत होता. मी काहीच म्हटले नाही. मुलाने एकदा दाराकडे पाहिले आणि पुस्तक मिटून मांडीवर ठेवले.

पुढच्या आठवड्यात मी आईवडिलांना एकत्र बोलावले. वडिलांचे म्हणणे होते की मोबाइल काढून घेतला की प्रश्न मिटला. त्यांना मी सांगितले की तो मोबाइल तुम्ही काढून घेतलात, पण मित्राचा पेनड्राइव्ह आणि मुलाच्या डोक्यातले भाषण तुम्हांला काढून घेता येणार नाही. शिवाय पोटात कसंतरी झालेले त्याने तुम्हांला सांगितले नाही, ते या हिसकावण्यामुळेच. रात्री दहानंतर कोणताही पडदा नाही, हे मी ठाम ठेवले. मालिका काही आठवडे पूर्ण बंद, त्यानंतर उरलेले भाग फक्त दिवाणखान्यात, वडिलांबरोबर, आणि अंगावर येणारा प्रसंग पुढे ढकलण्याचा हक्क दोघांनाही, असे ठरले. मुलाने एकच अट घातली: "बाबांनी मधेच मोबाइल बघायचा नाही."

वडिलांना समजावे म्हणून सुरुवात पहिल्या भागापासून केली. अँडरसन नावाचा पाद्री संगिनींनी लढू लागला तेव्हा वडील उठून गॅलरीत गेले. हे मला आईने फोनवर सांगितले. पाच मिनिटांनी ते परत आले आणि त्यांनी विचारले, "हा लाल कोटवाला कुणाचं ऐकतो का रे?" मुलगा म्हणाला, "इंटेग्राचं ऐकतो. तिचे बाबा वारले तेव्हा ती लहान होती, तिच्या काकानेच तिला मारायला घेतलं होतं. तेव्हा तिला हा तळघरात सापडला." त्यानंतर ते दोघे अर्धा तास बोलत होते. काय, ते आईला ठाऊक नाही, कारण तिने स्वयंपाकघराचे दार मुद्दाम लावून घेतले होते. मुलाने नंतर मला सेरासबद्दल सांगितले. व्हॅम्पायर होऊनही ती बराच काळ रक्त पीत नाही, पुढ्यात आणून ठेवले तरी पीत नाही. "नवीन ठिकाणी आली तरी ती लगेच त्यांच्यासारखी होत नाही," असे तो म्हणाला. नव्या शाळेतल्या मधल्या सुट्टीविषयी तो माझ्याशी पहिल्यांदा बोलला तो या वाक्यानंतर.

सगळे सुरळीत झाले असे मी लिहिणार नाही. वडिलांनी तीन भाग पाहिले आणि पुढचे त्यांना जमले नाहीत; लंडनच्या संहाराचे भाग मुलानेही अजून पाहिलेले नाहीत. झोप सुधारली, तरी शनिवारी रात्री घसरते. शाळेत मराठीच्या बाईंनी त्याला परिपाठात बोलायला उभे केले, हे आईच्या धडपडीमुळे झाले.

शेवटच्या भेटीला तिने तीच वही आणली होती, यावेळी मुलाला विचारून. भाषणाच्या पुढच्या पानावर इंटेग्राने मेजरला द्यायचे उत्तर त्याने स्वतः रचायला घेतले होते. 'विद्युत्‌गती युद्ध' इथेही आले होते, आणि ते पेन्सिलीने खोडून वर वेगळ्या, जरा तिरक्या अक्षरात 'झंझावाती' असे लिहिले होते. आईने ती ओळ बोटाने दाखवली. "हा माझा शब्द आहे, मॅडम. त्याला पटत नाहीये. तुम्हांला काय वाटतं?"