कोंबड्यांच्या उवा आणि कुत्र्याच्या गोचिडांवर कडुलिंब पुरतो का, की औषधच लागतं?

उवांना राखच बरी. निफाडजवळच्या आमच्या मळ्यात खुराड्याशेजारी घमेल्यात चुलीची गार राख नि कोरडी माती असते, कोंबड्या त्यात मनसोक्त लोळतात. लाल माइट (रक्त पिणारे बारीक किडे) मात्र दिवसा फळ्यांच्या फटीत दडतात आणि रात्री रक्त पितात, म्हणून अंधारात टॉर्च मारून बघा, सापडले तर फटींत उकळतं पाणी ओता (कोंबड्या आधी बाहेर काढून!). द्राक्षबागेतलं उरलेलं औषध खुराड्यात फवारायची आपल्याकडे खोड आहे, ते अजिबात नको, अंड्यांत उतरू शकतं.

गोचिडांवर कडुलिंबाच्या भरवशावर राहू नका, गोचीडतापाने कुत्रं दगावतं. डॉक्टरांकडून वजनानुसार औषध घ्या. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन हे कीटकनाशक असलेलं नको, मांजराला ते विषच. आणि गोचिडांसाठी कुत्र्याला लसूण चारू नका, त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.