उणे चौदा

"मला खेळवतच नाहीत, याचा अर्थ मी त्या लायकीचाच नाही, असा होतो ना?" हा प्रश्न मी इतक्या तरुण व्यावसायिक खेळाडूंकडून ऐकला आहे की, शब्द बदलले तरी त्यातला सूर मला लगेच ओळखता येतो. काही वेळा तोच प्रश्न आई-वडिलांच्या तोंडून येतो. मुलाने सगळे बालपण या खेळात घातले, आता करार मिळाला तर कोच त्याला बाकावर बसवून ठेवतात, मग चुकले कोणाचे, त्याचे की आमचे, असे ते विचारतात. प्रत्येकाला निरनिराळे उत्तर देण्याऐवजी येथे एका बास्केटबॉलपटूची हकिकत सांगते. त्याची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत आणि पाच महिन्यांच्या बैठकांमधले मोजकेच संवाद निवडले आहेत.

तो वीस वर्षांचा होता. वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडून क्रीडा प्रबोधिनीच्या वसतिगृहात राहायला गेलेला, शाळेच्या संघापासून वयोगटाच्या संघापर्यंत प्रत्येक ठिकाणी पहिल्या पाचांत खेळलेला, आणि आता एका हंगामाच्या करारावर पहिल्यांदाच मोठ्या संघात आलेला. येथे त्याच्या वाट्याला सामन्यामागे पाच-सहा मिनिटे येत होती, तीही बहुधा निकाल लागून गेल्यावर. सामन्यानंतर परतीच्या बसमध्ये तो फोनवर आकडेवारी उघडून बसे आणि खोलीवर आल्यावरही पहाटे दोन-तीनपर्यंत तीच चाळत राही. झोप मोडली, सरावात पाय जड पडू लागले, तेव्हा संघाच्या फिजिओथेरपिस्टने त्याला समुपदेशनासाठी माझ्याकडे पाठवले.

पहिल्या भेटीत त्याने आधी एकच गोष्ट विचारली: "मॅडम, हे कोचना कळणार नाही ना?" मी त्याला गोपनीयतेची खात्री दिली आणि केव्हिन लव्हविषयी सांगितले. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगच्या ऑल-स्टार सामन्यांत, म्हणजे निवडक अव्वल खेळाडूंच्या सामन्यांत, खेळलेल्या या खेळाडूला नोव्हेंबर २०१७ मध्ये चालू सामन्यातच तीव्र भीतीचा झटका आला आणि त्याला मैदान सोडावे लागले. पुढच्या मार्च महिन्यात त्याने ते स्वतः लिहून जाहीर केले. त्याच्या काही आठवडे आधी त्याच लीगमधल्या डिमार डिरोझननेही आपल्या नैराश्याविषयी उघडपणे सांगितले होते. दोघेही त्यानंतर अनेक वर्षे खेळत राहिले. तो ऐकत होता, पण त्याच्या चेहऱ्यावर मला फारसा दिलासा दिसला नाही. "ते आधी मोठे झाले, मग बोलले," तो म्हणाला. त्याचे हे वाक्य मी वहीत उतरवून ठेवले. त्याच्या मनात माणसांची प्रतवारी किती पक्की बसली आहे, हे मला तेथेच दिसायला हवे होते. ते पूर्णपणे दिसायला आणखी दोन बैठका जाव्या लागल्या.

दुसऱ्या बैठकीत मी त्याला कागद-पेन्सिल दिली आणि सामन्यातल्या मिनिटांचा हिशेब मांडायला लावला. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार सामना ४० मिनिटांचा, मैदानावर एका संघाचे पाच खेळाडू, म्हणजे वाटायला एकूण २०० मिनिटे. पहिले पाच जण प्रत्येकी तीस मिनिटे खेळले की १५० संपली. उरलेली ५० मिनिटे सात जणांत वाटायची, आणि ती समान वाटली जात नाहीत. बाकावर बसणे हा कोणावर उगवलेला सूड नसून या खेळाच्या रचनेचाच भाग आहे, हे त्याला मान्य झाले. पण त्याने लगेच विचारले, "त्या सातांत मीच का?"

येथे माझ्या हातून एक चूक झाली, आणि ती अनेक पालकांच्या आणि प्रशिक्षकांच्या हातून होते म्हणून सांगते. मी त्याला धीर देण्यासाठी निकोला योकिचचे उदाहरण दिले. २०१४ च्या एनबीए निवडीत योकिच ४१ वा होता, म्हणजे त्याच्या आधी चाळीस जणांची नावे पुकारली गेली. पुढे तोच २०२१, २०२२ आणि २०२४ मध्ये लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. उदाहरण खरे होते, उद्देशही चांगला होता. तो मान खाली घालून म्हणाला, "आणि मी योकिच झालो नाही तर?"

त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण माझे उदाहरण त्याच्याच नियमाने चालत होते. आज तू लहान आहेस, पण उद्या मोठा झालास की तुला किंमत येईल, असेच मी त्याला नकळत सांगत होते. यशस्वी माणसांच्या गोष्टी सांगून अपयशाची भीती घालवता येत नाही. ज्याला आपली किंमत निकालावर ठरते असे वाटते, त्याला अशा गोष्टीतून निकालाची तारीख पुढे ढकलल्यासारखेच वाटते. तेव्हापासून असे उदाहरण देण्यापूर्वी मी स्वतःला थांबवते.

चौथ्या बैठकीला तो आला तो फोन हातात धरूनच. आदल्या रात्रीच्या सामन्यात तो सहा मिनिटे खेळला होता आणि त्याच्या नावापुढे प्लस-मायनसच्या रकान्यात उणे चौदा असा आकडा होता. "हे बघा," तो म्हणाला. "हा मी."

मला हा खेळ थोडाफार कळतो, तरी मी त्याला विचारले, "हा आकडा काढतात कसा, ते मला नीट समजावून सांगशील?"

"मी मैदानावर असताना आमच्या संघाने जितके गुण केले, त्यातून समोरच्यांनी केलेले गुण वजा करायचे. आम्ही चार केले, त्यांनी अठरा."

"ते अठरा कसे झाले?"

त्याने आठवून सांगायला सुरुवात केली. चार थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन-तीन गुणांचे फटके, बसले, बाकीचे सहा गुण रिंगखालून. मी एकेक फेक विचारत गेले: कोणी मारली, त्याला कोण अडवत होते, तो मोकळा कसा सुटला. बोलता बोलता त्याचा आवाज बदलला. रडवेला मुलगा मागे पडला आणि खेळ जाणणारा माणूस बोलू लागला. चारपैकी एक थ्री-पॉइंटर त्याच्या माणसाने, म्हणजे ज्याला अडवायचे काम त्याच्याकडे होते त्याने, मारला होता. वाट अडवून उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या आडोशात, म्हणजे स्क्रीनमध्ये, हा मुलगा अडकला आणि उशिरा पोचला. बाकीच्या तीन वेळी कोणी कोणाला अडवायचे याची इतरांची अदलाबदल चुकली होती.

"मग तुझ्याबरोबर जे चौघे ती सहा मिनिटे खेळले, त्यांचा त्या वेळातला आकडा किती?"

"तोच. उणे चौदा."

"त्यांच्यापैकी लायकी नसलेला कोण?"

तो चटकन म्हणाला, "कोणीच नाही. ते चांगले खेळाडू आहेत मॅडम, एका रात्रीवरून त्यांना असं कसं म्हणता येईल?" आणि तो थांबला. मीही बोलले नाही.

येथे थांबले असते तर बैठक छान संपली असती, तो हलक्या मनाने घरी गेला असता. पण मला ते पुरेसे वाटले नाही, कारण त्याला मिळालेला दिलासा आकडेवारीच्या सोयीच्या बाजूवर उभा होता. पुढच्या सामन्यात चारही फेकी त्याच्याच चुकीने बसल्या असत्या, तर तो दिलासा कोसळला असता. म्हणून मी विचारले, "समज, ते चारही थ्री-पॉइंटर तुझ्याच माणसाने मारले असते. मग?"

तो बराच वेळ गप्प राहिला. चेहरा पुन्हा पडला, आणि मग हळूहळू सावरला. "मग... मग मी चार वेळा स्क्रीनमध्ये अडकलो, असं झालं असतं."

"आणि?"

"आणि स्क्रीनमधून निघायचं कसं, यावर मला काम करावं लागलं असतं." जरा थांबून तो म्हणाला, "माझ्यावर नाही. त्यावर."

इतक्या वर्षांच्या कामात अशी वाक्ये मला फार थोड्या वेळा ऐकायला मिळाली आहेत, आणि त्या दिवशी मी खरोखर समाधानाने घरी गेले. मी ज्या विवेकनिष्ठ विचारसरणीला मानते, तिच्या मुळाशी हाच भेद आहे: कृतीचे मोजमाप करता येते आणि करावेच, पण त्या मोजमापावरून अख्ख्या माणसाला भाव लावता येत नाही. ही विचारसरणी मांडणारे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस हे आयुष्यभर सांगत राहिले. मी ते व्याख्यानातून सांगितले असते, तर त्या मुलाने मान डोलावून ऐकले असते आणि रात्री पुन्हा फोन उघडला असता. ते त्याच्या स्वतःच्या खेळाच्या भाषेत सापडले म्हणून त्याचे झाले.

ज्यांना हाच प्रश्न पडतो, त्यांना मी "खेळ हा शेवटी खेळच आहे" असे सांगणार नाही. ज्याचे पोट त्यावर आहे आणि ज्याने त्यासाठी घर लवकर सोडले, त्याला ते ऐकणे अपमानास्पद वाटते. खेळ महत्त्वाचा असू द्यावा, चांगले खेळण्याची इच्छा तीव्र असू द्यावी. घोटाळा होतो तो इच्छेचा हट्ट बनतो तेव्हा. "माझा फ्री थ्रो बसावा" या वाक्यात बळ आहे. "तो चुकताच कामा नये" या वाक्याने हात ताठ होतात. एनबीएच्या इतिहासात फ्री थ्रोची सर्वोच्च टक्केवारी ज्याच्या नावावर आहे, त्या स्टीफन करीची कारकिर्दीतली सरासरी साधारण ९१ टक्के आहे. कोणी अडवायला नाही, अंतर ठरलेले, रिंगची उंची ठरलेली, तरीही त्याचे शंभरातले नऊ चुकतात.

आकडेवारी वाचूच नका, असेही मी म्हणत नाही. व्यावसायिक खेळाडूला ती वाचावीच लागते. या मुलाने मात्र ती सामन्याच्या रात्री न वाचता दुसऱ्या दिवशी, चित्रफीत समोर ठेवून वाचायची असे ठरवले. बाकावर बसल्यावर समोरच्या संघाचे कोणते डाव पुन्हा पुन्हा येतात, ते तो टिपू लागला. कोचना "मला का खेळवत नाही?" असे विचारण्याऐवजी त्याने "माझ्या डिफेन्समध्ये काय सुधारले तर तुम्ही मला लवकर आत पाठवाल?" असे विचारले, आणि त्याला प्रथमच नेमके उत्तर मिळाले: स्क्रीन ओलांडताना त्याचे खांदे उभे राहतात, ते खाली हवेत. अडचण स्क्रीनपाशीच आहे हा माझा तर्क जुळल्याचा आनंद मला झाला, हे मी लपवत नाही.

पालकांकडे माझे एकच आग्रहाचे मागणे आहे. सामना संपल्यावर मुलाला पहिला प्रश्न "किती गुण केलेस?" हा विचारू नका. तुम्ही तो मायेने विचारता, हे मला ठाऊक आहे; पण त्याच्या कानावर तो हजेरी घेतल्यासारखा पडतो. आणि झोप, भूक किंवा सरावातला रस आठवड्यांमागून आठवडे हरवलेला दिसला, जगण्याचाच कंटाळा आल्याची भाषा ऐकू आली, तर हंगाम संपण्याची वाट न पाहता त्याला मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या.

या मुलाच्या करारात वाढ झाली नाही. हंगाम संपला तेव्हा संघाने त्याला मोकळे केले, आणि खालच्या श्रेणीतल्या एका संघाकडून तो आता खेळतो. तेथे त्याला वीसेक मिनिटे मिळतात. तो पुढे वर जाईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि त्यानेही मला ते विचारणे सोडले आहे. शेवटच्या भेटीत त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. आदल्या दिवशीच्या सामन्यात त्याचा आकडा उणे नऊ होता. त्याखाली त्याने तीन ओळी लिहिल्या होत्या: दोनदा स्क्रीनमध्ये अडकलो, एकदा पास उशिरा दिला, रिबाउंडला जागा बरोबर घेतली.

"रात्री झोप लागली का?" मी विचारले.

"साडेअकराला," तो म्हणाला, आणि मग दुसऱ्या ओळीतला तो पास कोणाला आणि केव्हा द्यायला हवा होता, ते मला टेबलावर बोटाने काढून दाखवू लागला.