अर्जावरची पोच आणि सीपीआरचं डिस्चार्ज कार्ड

करवीर तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगा 19 वर्षांचा, त्याला फिट येतात. नवरा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत कामाला. गावाबाहेर दर अमावास्येला दरबार भरवणाऱ्या एका बाबानं ‘पोरावर घरातल्याच बाईनं करणी केलीय’ असं सांगून सात महिन्यांत त्यांच्याकडून 6 लाख 40 हजार रुपये काढले. त्यातले 2 लाख 10 हजार फोनवरून गेले, बाकी रोख. रोखीसाठी पाटल्या आणि बोरमाळ पतसंस्थेत तारण पडली. मुलाच्या गोळ्या बाबानं बंद करायला लावल्या. शंभराच्या स्टॅम्पवर त्यानं लिहून घेतलं की ‘सदर रक्कम मी स्वखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय धार्मिक कार्यासाठी दिली असून ती परत मागणार नाही.’ मग एका रात्री पोराला फिटवर फिट आल्या आणि चार दिवस कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात काढावे लागले. त्यानंतर ताईंनी पोलीस ठाण्यात अर्ज दिला, त्याला आता 2 वर्षं 10 महिने झाले. मधल्या काळात बाबानं 40 हजार परत केले. उरलेल्या 6 लाखांसाठी ‘जोतिबाची चैत्र यात्रा होऊ दे, मग बघू’ हा त्याचा निरोप आहे. ताई विचारतात, असं लिहून दिलंय तर पैसे परत मिळतील का?

अशी पत्रं मला सारखी येतात. आजार आणि रकमेचा आकडा तेवढा बदलतो. बाबा खरा की खोटा, यात मी शिरत नाही. ते तुम्हाला आता कळलंय.

ताई, तुम्ही स्टॅम्पपेपरला घाबरलाय. मला धास्ती वाटली ती तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याची. तुम्ही लिहिलंय, ‘सीपीआरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गोळ्या थांबवल्यामुळं हे झालं, तेव्हाच आमचे डोळे उघडले.’ तुमचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे किंवा पडणार आहे.

पैसे परत मागण्याच्या दिवाणी दाव्याला 3 वर्षांची मुदत असते. मुदत कायदा 1963 चा, त्यातलं कलम 17 फसवल्या गेलेल्या माणसाला आधार देतं. फसवणूक ज्या दिवशी कळली, किंवा नीट चौकशी केली असती तर कळली असती, त्या दिवसापासून ही 3 वर्षं मोजायची. त्यामुळं तुम्ही पहिला हप्ता कधी दिला याला फारसं महत्त्व उरत नाही. पण कळलं कधी, याला सगळं महत्त्व येतं. तुम्ही अर्जावरच्या पोचशिक्क्यापासून मोजताय. समोरचा वकील तसं मोजणार नाही. तो डिस्चार्ज कार्ड मागवेल, त्यावरची तारीख न्यायाधीशांपुढं ठेवेल आणि म्हणेल, यांचे डोळे त्या दिवशी उघडले, हे याच सांगतात. पत्रातल्या तारखा पाहिल्या तर डिस्चार्ज अर्जाच्या 24 दिवस आधीचा आहे. म्हणजे पोचशिक्क्यानं दोन महिने दिसतात, पण धरून चालायचे जेमतेम पाच आठवडे. चैत्र यात्रा त्याच्याही नंतर येते. बाबानं यात्रेनंतरचा वायदा मुद्दाम केला की सहज, ते मला माहीत नाही. यात्रेपर्यंत थांबलात तर दावा मुदतबाह्य होईल, हे मात्र नक्की.

इथं मला जरा कडक बोलू द्या. ‘केस सुरू आहे’ असं तुम्ही पत्रात तीनदा लिहिलंय. कसलीही केस सुरू नाही. पोलिसांत अर्ज दिला म्हणजे गुन्हा दाखल झाला असं होत नाही, आणि गुन्हा दाखल झाला असता तरी त्यानं दिवाणी मुदत थांबत नाही. वकिलाच्या नोटिशीनंही थांबत नाही. तोंडी वायद्यानं तर नाहीच. अर्ज दिल्यानंतर ठाण्यात एकदा तरी जाऊन ‘गुन्हा नंबर काय पडला?’ एवढं विचारलं असतं, तर आज दिवस मोजत बसावं लागलं नसतं. आपली माणसं पोच घडी घालून देव्हाऱ्यात ठेवतात आणि पुढची तीन वर्षं निवांत राहतात. या एका सवयीपायी किती दावे बुडालेले मी पाहिलेत.

मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मुदत संपायच्या आत बाबानं ‘एवढे पैसे देणं लागतो’ असं सहीनिशी लिहून दिलं तर नवी 3 वर्षं मिळू शकतात. तसा कागद तुमच्याकडं नाही. व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप किंवा परत आलेले 40 हजार यांचा उपयोग होईल का? पुरावा म्हणून नक्की होईल. मुदत वाढवायला होईलच, अशी खात्री मी देणार नाही, आणि कुणी दिली तर त्या भरवशावर राहू नका. या पाच आठवड्यांतच वादपत्र, म्हणजे दाव्याचा मूळ कागद, कोर्टात दाखल झालं पाहिजे.

आता त्या ‘स्वखुशीने’ कडं येऊ. भारतीय करार कायदा 1872 चा. त्याच्या कलम 16 मध्ये गैरवाजवी प्रभाव सांगितलाय. एकाचं मन दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि त्यानं त्याचा अवाजवी फायदा घेतला असेल, तर तो करार फसलेल्या माणसाला रद्द करून घेता येतो. आजारानं किंवा वयानं खचलेल्या माणसाकडून त्याची शुश्रूषा करणाऱ्यानं भरमसाट रक्कम कबूल करून घेतली, हे उदाहरण त्या कलमातच दिलंय. गुरू आणि शिष्याचं नातं आपल्या कोर्टांनी फार पूर्वीच या चौकटीत बसवलं. 1890 साली अलाहाबाद उच्च न्यायालयापुढं मन्नू सिंग विरुद्ध उमादत्त पांडे हा खटला होता. म्हाताऱ्या शिष्यानं परलोकातल्या पुण्यासाठी सगळी मालमत्ता गुरूला लिहून दिली होती. कोर्टानं प्रभाव गृहीत धरला आणि व्यवहार शुद्ध होता हे सिद्ध करायचं ओझं गुरूवर टाकलं. नव्या भारतीय साक्ष अधिनियमातलं कलम 114 याच दिशेचं आहे. तेव्हा त्या स्टॅम्पनं झोप घालवू नका. मात्र ‘बाबानं फसवलं’ असं मोघम लिहिलेलं वादपत्र टिकत नाही. कोणत्या अमावास्येला तो काय म्हणाला, कुणासमोर म्हणाला, त्या दिवशी किती दिले, हे तारीखवार आलं पाहिजे.

फौजदारी बाजू वेगळी. तिथं 3 वर्षांची अडचण नाही, कारण फसवणुकीला 7 वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तुमच्याकडचा प्रकार 1 जुलै 2024 च्या आधीचा, म्हणून जुनं भारतीय दंड विधान, कलम 420. उशीर का झाला, हे मात्र तक्रारीतच प्रामाणिकपणे लिहा. त्याशिवाय 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झिजले आणि ऑगस्ट 2013 मध्ये त्यांचा खून झाल्यावरच त्याचा वटहुकूम निघाला. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, दंड 5 हजार ते 50 हजार. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

या कायद्यात बहुतेक तक्रारी एकाच ठिकाणी अडखळतात. बंदी असलेल्या कृत्यांची यादी कायद्याच्या परिशिष्टात आहे, आणि उपचार थांबवण्याबद्दलचं त्यातलं एक कलम कुत्रा, साप, विंचू चावल्यापुरतं आहे. फिटच्या गोळ्या बंद करायला लावल्या, हा धागा कितीही संतापजनक असला तरी तिथं बसत नाही; तो बसवायचा तर भुताची किंवा अदृश्य शक्तीची भीती घालून उपचारापासून रोखण्याचं जे वेगळं कलम परिशिष्टात आहे, त्यात. ‘पूजेचे पैसे घेतले’ असंही लिहू नका. पूजाअर्चा, यात्रा, कीर्तन, जोशी-ज्योतिषाचा सल्ला हे सगळं कायद्यानं बाहेर ठेवलंय आणि बाबाचा वकील नेमकं तेच दार शोधेल. त्याशिवाय तुमचं प्रकरण आणखी दोन जागी बसतं: भूत उतरवण्याच्या नावाखाली मुलाला दिलेली मिरचीची धुरी, आणि चमत्कार दाखवून पैसे उकळणं.

चमत्काराचा व्हिडिओ तुमच्या नणंदेच्या फोनमध्ये आहे, हे तुम्ही पत्राच्या शेवटी एका ओळीत उरकलंय. ते पहिल्या ओळीत हवं होतं. पोराच्या डोक्यावरून उतरवलेलं लिंबू बाबा सुरीनं कापतो आणि स्टीलच्या ताटलीत लालभडक रस गळतो. ‘करणीचं रक्त’ म्हणून सगळे हात जोडतात, आणि त्याच बैठकीत तुम्ही दीड लाख दिलेत. सुरीला मिथाइल ऑरेंज लावलं की लिंबाच्या आंबटपणानं रस लाल होतो. शाळेच्या प्रयोगशाळेतली बाटली आहे ती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते हे प्रयोग गावोगाव करून दाखवतात, त्यातल्या एकाला साक्षीदार म्हणून गाठा. व्हिडिओ कुणाला पाठवत बसू नका. तो फोन तसाच जपून ठेवा, विकू नका, रिसेट करू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र त्याला जोडावं लागेल.

ठाण्यात पुन्हा ‘बघतो’ म्हणाले तर वाद घालू नका. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर तो नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं 2013 साली ललिता कुमारी निकालात सांगितलंय. लेखी तक्रार टपालानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, तिथंही हललं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडं अर्ज. गुन्हा दाखल झाला की तो रद्द करून घ्यायला बाबा उच्च न्यायालयात जाईल, असं मला वाटतं. पूर्वी अशा वेळी आमचे पक्षकार महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायचे आणि पुढची तारीख घेऊन परत यायचे. ऑगस्ट 2025 पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच बसतं, तेवढी दगदग वाचली. दिवाणी दाव्याला किती वर्षं लागतील हे विचारू नका. या कोर्टांच्या तारखांवर माणसं म्हातारी झालेली मी पाहिलीत, तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. रोख दिलेल्या रकमेपैकी किती सिद्ध होईल हेही आत्ता सांगणं कठीण. तारणाच्या पावतीची तारीख आणि बैठकीची तारीख जितकी जुळेल तितकं चांगलं.

वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. कसबा बावड्याच्या न्यायसंकुलात विचारा. 1987 च्या विधी सेवा कायद्यानं बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. सोमवारीच जा. जाताना डिस्चार्ज कार्ड, अर्जाची पोच, स्टॅम्पची झेरॉक्स, बँकेचा उतारा, पतसंस्थेच्या पावत्या आणि नणंदेचा फोन घेऊन जा. नणंदेलाही सोबत न्या.

आणि पोराच्या गोळ्या परत सुरू केल्यात का, हे पत्रात कुठंच नाही. ते मला आधी कळवा.