कपाळावरची राख पुसावी का?

राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी, संध्याकाळी एक बाई माझ्याकडे समुपदेशनाला आल्या, तेव्हा कपाळावरचा राखेचा क्रूस तसाच होता. घामाने त्याची एक बाजू भुवईकडे ओघळलेली. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, "मॅडम, ही पुसू की ठेवू?"

मला हसू आलं, त्यांना आलं नाही. त्या दिवशीच्या मिस्सात, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायाचं वाचन असतं. दान, प्रार्थना, उपास माणसांना दिसावं म्हणून करू नका. उपास असेल तेव्हा डोक्याला तेल लावा, तोंड धुवा. हे ऐकून होतं आणि लगेच आपण रांगेत उभं राहून कपाळाला राख लावून घेतो! ती लावून बाई दिवसभर पतपेढीच्या काउंटरवर बसल्या होत्या. "तिघींनी विचारलं, उपास का गं आज? मला बरं वाटलं. आणि बरं वाटलं म्हणून मग इतकं वाईट वाटलं की डबा उघडलाच नाही."

(त्यांना विचारूनच लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

वसई पट्ट्यातल्या, चाळिशी ओलांडलेल्या. धर्मग्रामात, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीत, मिस्साला बायबलचं वाचन करतात, ऑक्टोबरात आळीतली जपमाळ त्याच चालवतात. गेल्या ग्रामसणाला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, वाचकांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. राहून गेलं असेल, असं घरात सगळ्यांना सांगितलं आणि चार रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. पाचव्या दिवशी पहाटे साडेपाचला नेहमीप्रमाणे आळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर बायबलचं वचन टाकलं आणि कोणी हात जोडले ते बघत ओट्यापाशी उभ्या राहिल्या. दूध उतू गेलं. फडक्याने ओटा पुसताना पहिल्यांदा मनात आलं, की हे सगळं मी नक्की कोणासाठी करते?

ही काळजी घेऊन येणारे बरेच असतात, आणि फक्त ख्रिस्ती नसतात. पण ख्रिस्ती माणसाला ती जास्त बोचते, कारण खुद्द येशूनेच त्यावर बोट ठेवलंय. "ढोंगी" असा शब्द आहे तिथे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नाटकातला नट.

अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते. एकदा कबूल केलेलं पाप पुन्हा पुन्हा कबूल करावंसं वाटतं का? एखादा शब्द चुकला म्हणून अख्खी जपमाळ पहिल्यापासून म्हणता का? ते थांबवू म्हटलं तरी थांबत नसेल, तर मी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवते. ते नुसत्या बोलण्याने सुटत नाही. जेझुइट संघाचा संस्थापक संत इग्नेशियस १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसाला असाच पिचून निघाला होता, अगदी जीव द्यावा इथपर्यंत. या बाईंचं तसं नव्हतं. त्यांना शाबासकी हवी होती, एवढंच. ती हवीशी वाटणं हे काही ढोंग नाही. लहानपणी पाठांतर म्हटल्यावर डोक्यावरून फिरलेला हात कोणाला नको असतो?

इथे माझी चूक झाली. मी म्हटलं, पंधरा दिवस ग्रुपवर वचन टाकू नका. पुढच्या भेटीला त्या ओशाळून आल्या. "बंद केलं. पण जो तो विचारायला लागला, आणि मी प्रत्येकाला सांगत सुटले, उपवासकाळात मौन धरलंय म्हणून. आधी कौतुक व्हायचं त्याच्या दुप्पट झालं." आम्ही दोघी मनसोक्त हसलो. माझा उपाय पार आपटला होता.

मग मी त्याच अध्यायातलं एक वाक्य काढलं: "ते आपले प्रतिफळ भरून पावले आहेत." यातला ग्रीक शब्द त्या काळच्या पावत्यांवर असायचा, पैसे पूर्ण पोचले, बाकी काही नाही, अशा अर्थाने. आयुष्यभर पावत्यांवर शिक्के मारलेल्या बाई त्या. बोटाने टेबलावर शिक्का मारल्यासारखं करून म्हणाल्या, "म्हणजे कोणी हात जोडले की पावती फाटली. हिशोब मिटला. देवाकडे मागायला काय उरलं?" मी हे इतकं नेमकं सांगू शकले नसते.

त्यांनी मलाही पेचात पकडलंच. "पण आदल्याच अध्यायात म्हटलंय की तुमचा प्रकाश लोकांसमोर पडू द्या. मग वाचन सोडू की करू?" सोडू नका, म्हटलं. तिथे लोकांनी बघून गौरव करायचा तो पित्याचा. शिवाय देवळात कोणीतरी वाचायला हवंच, आणि तुमचा आवाज चांगला आहे. (समुपदेशकाने असं कौतुक करू नये. केलं.)

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सापडली. "खोलीचं दार लावून एकटी बसले, की काहीच वाटत नाही मला. आळीत जपमाळ म्हणताना डोळे भरून येतात. एकटीला नुसती कोरड. म्हणजे माझी भक्ती खोटीच ना?" लोकांच्या नजरेपेक्षा हे भय मोठं होतं. त्या नजरेआड ही कोरड झाकली जात होती. मी त्यांना मदर तेरेसांच्या पत्रांबद्दल सांगितलं. त्या वारल्यानंतर दहा वर्षांनी, २००७ मध्ये ती छापली गेली, आणि जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना प्रार्थनेत अंधारच जाणवत होता हे जगाला कळलं. तरी त्या रोज पहाटे प्रार्थनेला बसत होत्या. बाई बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आणि कोणाला सांगितलंही नाही त्यांनी?" आपल्या धर्मगुरूंना सांगितलं होतं, म्हटलं. आणि ती पत्रं नष्ट करावीत अशी त्यांची इच्छा होती. "बघा, तरी छापलीच," त्या म्हणाल्या.

उठताना मी एक छोटं काम दिलं. आठवड्यातून एक गोष्ट अशी करायची, की ती घरात, आळीत, फादरना, कोणालाच कळणार नाही. प्रार्थना असो, कोणाला मदत असो, काहीही.

पुढच्या आठवड्यात दारातूनच सुरुवात. "मॅडम, केलं! आमच्या मागच्या गल्लीतल्या आजी आहेत ना, त्यांच्या औषधाचे..."

मी हात वर केला. त्या थांबल्या, मग कपाळावर हात मारून घेतला. मीही तितकीच चुकले होते. कोणाला सांगायचं नाही या यादीत मी स्वतःला धरलंच नव्हतं, आणि माझ्याकडून पावती घ्यायला त्या दर आठवड्याला येत होत्या. गृहपाठ तपासणारी बाई मीच झाले होते. आम्ही ठरवलं, यापुढे मलाही सांगायचं नाही.

याचा अर्थ, माझा उपाय लागू पडला की नाही हे मला कधीच कळणार नव्हतं. समुपदेशकाला हे जड जातं, खोटं कशाला बोला.

ईस्टरनंतर त्या शेवटच्या आल्या. झोप बरी आहे म्हणाल्या. वाचन चालू आहे. पुढच्या सणाच्या यादीत नाव आहे की नाही, ते अजून विचारलेलं नाही. मी न राहवून म्हटलं, "आणि ते आपलं दुसरं काम?"

"कोणतं?" त्या म्हणाल्या, आणि पर्स उचलून चपला शोधायला लागल्या.