‘माझा आजा म्हणायचा’ की ‘माझे आजोबा म्हणायचे’?

परभणी जिल्ह्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांचे आजोबा जाऊन आता वर्ष होईल. प्रथम पुण्यस्मरणाला वाटण्यासाठी घरचे एक छोटी पुस्तिका काढताहेत. ताईंनी त्यात लिहिलं, “माझा आजा फडक्यात भाकर बांधून रानात जायचा.” शिक्षक असलेल्या चुलत्यांनी पान तपासलं आणि ‘आजा’चं ‘आजोबा’ केलं, ‘जायचा’चं ‘जायचे’ केलं. गेलेल्या माणसाला एकेरी लिहू नये, असं त्यांचं म्हणणं. तर बरोबर कोण? आणि नावाआधी ‘कै.’ लिहायचं की ‘वै.’?

ताई, तुमचं वाक्य जसंच्या तसं ठेवा. व्याकरणाने दोन्ही वाक्यं शुद्ध आहेत, पण तुमच्या वाक्यात तुमचा आजा दिसतो.

आधी शब्दाचं पाहू. ‘आजा’ हा ‘आजोबा’चा गावंढळ अवतार आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. संस्कृतात ‘आर्यक’ म्हणजे आदरणीय माणूस, आणि आजोबासुद्धा. पालीत त्याचं ‘अय्यक’ झालं, प्राकृतात ‘अज्जय’, आणि मराठीत ‘आजा’. म्हणजे मान त्या शब्दाच्या मुळातच आहे. ‘आजोबा’मध्ये पुढे ‘बा’ जोडला गेला, विठोबा, खंडोबा, म्हसोबात दिसतो तोच. आता हे विठोबाचं उदाहरण चुलत्यांना जरूर सांगा. नावात मानाचा ‘बा’ असूनही आपण ‘विठोबा विटेवर उभा आहे’ असंच म्हणतो, ‘उभे आहेत’ म्हणत नाही. तुमच्याच जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या जनाबाईंनी तर त्याला थेट ‘अरे’ म्हटलं. तुकोबांना मात्र आपण ‘म्हणाले’ लावतो. मराठीत एकेरी आणि आदरार्थी रूपांची वाटणी निव्वळ लहान-मोठेपणावर होत नाही, जवळिकीवर होते. आई वयाने कितीही मोठी असली तरी ‘आई आली’च म्हणतो आपण.

मराठवाड्यातल्या शेतकरी घरांत आणखी एक बारकावा आहे, तो शाळेच्या पुस्तकांत फारसा येत नाही. हाक मारायचा शब्द वेगळा आणि सांगायचा वेगळा. समोर ‘आबा’, ‘बाबा’, ‘तात्या’, ‘आप्पा’, ज्या घरी जे असेल ते. दुसऱ्याला सांगताना मात्र ‘माझा आजा’. त्यामुळे एकाच घरात “आबा, जेवायला चला” आणि “आमचा आजा लई कडक होता” ही दोन्ही वाक्यं सुखाने नांदतात. समोर अहो-जाहो होतं म्हणून मागून एकेरी बोलणं हा अपमान होत नाही.

रूपं चालवताना ‘आज्याचा’, ‘आज्याला’, ‘आज्यानं’ असं लिहा. काका, मामा, दादा यांची रूपं ‘काकाला’, ‘मामाला’ अशी न बदलता चालतात. ‘आजा’ मात्र मुलगा-मुलग्याला, नवरा-नवऱ्याला या ओळीतला. ‘आजाला’ लिहिलं तर कानाला खटकेल.

एक पथ्य पाळा. ‘माझा आजा आले’ अशी सरमिसळ होऊ देऊ नका. एकेरी सुरू केलं की त्या लेखात शेवटपर्यंत एकेरी. चुलत्यांनी स्वतःच्या नावाने स्वतंत्र पान लिहावं आणि तिथे खुशाल ‘आमचे वडील म्हणायचे’ लिहावं. ते लेक म्हणून लिहितील, तुम्ही नात म्हणून. एकाच माणसाबद्दल दोन पानांवर दोन तऱ्हा दिसल्या तर त्यात काही बिघडत नाही, उलट तो माणूस घरात कुणाचा कोण होता ते कळतं.

मला खरी काळजी वेगळ्याच दुरुस्तीची वाटते. तुम्ही पाठवलेल्या कच्च्या पानात आज्याच्या तोंडी “लेकरा, काय करायलास तिथं?” असं आहे आणि तपासलेल्या पानात त्याचं “बाळा, तू तेथे काय करीत आहेस?” झालंय. हे कृपा करून परत फिरवा. ‘करायलास’ हे मराठवाड्याच्या बोलीतलं चालू वर्तमानाचं नेमकं रूप आहे, ती ‘करतोयस’ची चूक नाही. निवेदन प्रमाण मराठीत असायला हरकत नाही, पण अवतरणचिन्हांतलं वाक्य बोलणाऱ्याचं असतं. आज्याचा आवाज ज्यांनी ऐकला नाही, त्या पतवंडांपर्यंत तो एवढ्याच वाक्यांमधून पोचणार आहे. तसंच ‘बहात्तरला आज्यानं खडी फोडली, सुकडी खाल्ली’ हेही राहू द्या. तिथे ‘सन 1972 च्या भीषण दुष्काळात’ असं करण्याची गरज नाही. आपल्याकडे नुसतं ‘बहात्तर’ म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही.

आता कै. आणि वै. ‘कै.’ म्हणजे कैलासवासी, ‘वै.’ म्हणजे वैकुंठवासी. छापखान्यात ‘कै.’ सवयीने पडतं. तुमचे आजोबा माळकरी होते, दरसाल नाथषष्ठीला पैठणला जायचे असं तुम्ही लिहिलंय. मग ‘वै.’च घाला. वारकऱ्यांमध्ये तीच रीत आहे. आपल्याच भागात लिंगायत घरांत ‘लिंगैक्य’ लिहितात, बौद्ध घरांत ‘कालकथित’. ज्याच्या त्याच्या श्रद्धेप्रमाणे शब्द आहेत, सगळ्यांना एकच चिकटवू नये. मात्र ‘वै.’ निमंत्रणात आणि फोटोखाली पुरे. आठवणीतल्या वाक्यांत नको. ‘वै. आजोबांनी मला पोहायला शिकवलं’ हे विचित्र वाटतं, कारण तेव्हा ते चांगले विहिरीत उतरलेले होते.

आणि निमंत्रणातलं ‘पुण्यस्मरण साजरे करण्याचे योजिले आहे’ यातलं ‘साजरे’ काढा. नाथषष्ठीचा उत्सव साजरा होतो, कारण नाथांना जाऊन चारशेहून अधिक वर्षं झाली आणि ती तिथी केव्हाच लोकांचा सण झाली. घरातलं माणूस जाऊन वर्षच होतंय, तिथे ‘करण्याचे योजिले आहे’ एवढंच लिहा.