क्षमा केली म्हणजे पुन्हा पहिल्यासारखंच वागायचं का?

तुम्ही लिहिलंय की वाटणीत सख्ख्या भावाने फसवलं, चर्चचे पाळकसाहेब 'क्षमा करा' म्हणतात, आणि क्षमा केली तर पुन्हा त्याच्यावर विश्वास टाकावा लागेल याची भीती वाटते. मीही या वाटेने गेले आहे, म्हणून लिहिते.

माझ्या धाकट्या दिराने अडचणीत गहाण ठेवायला माझ्या पाटल्या नेल्या. त्या परत आल्याच नाहीत. पुढे एका लग्नात चार पाहुण्यांसमोर मी त्याला चोर म्हटलं, आणि येणंजाणं तुटलं. चार वर्षं.

प्रभुभोजनाच्या रविवारी चर्चमध्ये बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन वाचलं गेलं : अर्पण वेदीपुढे ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर. लहानपणापासून ऐकलेलं वचन, पण नीट ऐकलं त्या दिवशी. तुझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर, असं तिथे नाहीच. भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर, असं आहे. पाटल्यांचा हिशेब मला तोंडपाठ होता. त्याला मुलांदेखत चोर म्हटलं, ते मी खात्यावर धरलंच नव्हतं. मी गेले आणि तेवढ्याचीच माफी मागितली. पाटल्यांचं नाव काढलं नाही. तो गप्प बसून राहिला. जाऊबाईंनी चहा ठेवला, बस्स.

नंतर जाऊबाईंचं ऑपरेशन झालं. अकरा दिवस मी दवाखान्यात डबा नेला : भाकरी, मुगाचं वरण. येशूने सांगितलेली चांगल्या शोमरोन्याची गोष्ट मला याचसाठी आवडते. वाटेत लुटारूंनी मारून टाकलेला एक अनोळखी माणूस त्याला दिसला. त्याने त्याच्या जखमा बांधल्या, उतारशाळेच्या रक्षकाला दोन दिनार दिले, आणखी खर्च झाला तर परत येताना देईन म्हणाला, आणि आपल्या कामाला गेला. कळवळा असा हाताने करायचा असतो.

आता तुमच्या भीतीबद्दल. पुढच्याच वर्षी दिराने माझ्या यजमानांना कर्जासाठी जामीन राहायला सांगितलं. आम्ही 'नाही' म्हणालो, त्याच्या तोंडावर, आवाज न चढवता. आमच्यातल्याच काहींनी नावं ठेवली, ही कसली क्षमा? पण बायबलमधल्या योसेफाकडे बघा ना. त्याला गुलाम म्हणून विकून टाकणारे भाऊ धान्यासाठी त्याच्याच दारात आले, तेव्हा त्याने बाजूला जाऊन रडून घेतलं, त्यांची पोती भरली, त्यांचे पैसेही गुपचूप परत ठेवले. तरी लगेच ओळख दिली नाही. आधी त्यांना पारखलं. सर्वांत धाकट्या बन्यामिनासाठी त्या भावांतला यहूदा स्वतः गुलाम व्हायला तयार झाला, तेव्हाच त्याने 'मी योसेफ' असं सांगितलं. क्षमा आपण एकट्याने करू शकतो. विश्वास दोघांनी मिळून उभा करावा लागतो, आणि त्याला वेळ लागतो. प्रेषित पौलही रोमकरांस पत्र लिहिताना म्हणतो, तुमच्याकडून होईल तितकं शांतीने राहा. तुमच्याकडून होईल तितकं!

तेव्हा वाटणीचे कागद वकिलाला जरूर दाखवा. आणि नाताळात करंज्यांचं ताट भावाकडे स्वतः घेऊन जा. या दोन्ही गोष्टी एकाच मनाने करता येतात.

माझ्या पाटल्या गेल्या त्या गेल्याच. लग्नात कुणाच्या हातात तशा दिसल्या की अजून काळजात कळ येते. सातांच्या सत्तर वेळा क्षमा कर म्हणताना प्रभूच्या मनात एकच जखम पुन्हापुन्हा माफ करणं असेल, असं मला तेव्हा वाटतं. मग मी तिथेच बसल्याबसल्या दिराचं नाव घेऊन प्रार्थना करते.