आधी जास्त वेळ चालणारा दिवा बदल

घरातले सगळे दिवे एका दिवसात बदलायची घाई करू नकोस. जो सर्वात जास्त वेळ चालू असतो, त्याच्यापासून सुरुवात कर. ६० वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास लावला तर महिन्याला ९ युनिट खातो. जवळपास तेवढाच उजेड देणारा ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. शिवाय पिवळा बल्ब बहुतेक वीज उष्णतेतच घालवतो. सोलापूरच्या मे महिन्यात, पत्र्याखाली, ती उष्णता कशाला हवी?

तुमच्या घरी माग आहे, म्हणून हे नीट ऐक. मागावर लावायचा दिवा नुसते वॅट बघून घेऊ नकोस. खोक्यावर सीआरआय बघ, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा; ८० च्या वर, जमलं तर ९० चा. कमी सीआरआयच्या उजेडात चादरीच्या सुतातला लाल आणि मरून वेगळा ओळखू येत नाही. सकाळी उन्हात फरक दिसतो, तोवर विणून झालेलं असतं. आमच्याकडे असं झालंय, फार जीव हळहळला.

बंद काचेच्या गोळ्यात एलईडी घालू नकोस, आतलं सर्किट तापून लवकर जातं. आणि जुने सीएफएल, म्हणजे ते वळलेल्या नळीचे पांढरे दिवे, कचऱ्यात टाकू नकोस रे, त्यात पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडेच दे.